तुकडा नियमित झाला, गल्लीचं काय?

गेल्या आठवड्यात नवा सातबारा हातात आला. बावीस वर्षं ‘इतर हक्क’ या कोपऱ्यात पडून असलेलं आमचं नाव आता कब्जेदार म्हणून वर आलंय. ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ हा शेरा गेला. आईने उतारा देवापुढे ठेवला, साखर ठेवली. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. मेहुण्याचा लगेच रिप्लाय, ‘अभिनंदन दाजी! आमचा नंबर कधी?’

त्याला काय उत्तर द्यावं ते कळेना, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. गुंठेवारीत राहणाऱ्यांनी वाचावीच, पण ज्यांना ‘ही अनधिकृत वस्ती पाडून टाका’ असं वाटतं त्यांनीही वाचावी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला जा, ही गल्ली तिथे आहे.

गोष्ट १९९७ ची. अण्णा, म्हणजे माझे वडील, सूतगिरणीत होते. भाड्याच्या दोन खोल्या. गावाबाहेर दोन एकराचं रान होतं, विहीर आटलेली, तीन भावांत वाटणी व्हायची होती. मालकाने दोरी लावून आखणी केली आणि गुंठ्यावर विकायला काढलं. एक गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. अण्णांनी दीड गुंठा घेतला. पन्नास हजारांच्या आसपास गेले, त्यात आईच्या पाटल्या होत्या. स्टँपवर साठेखत, नोटरी, दोन साक्षीदार आणि चहा. झाला व्यवहार.

आता लोक विचारतात, ‘कायदेशीर एनए प्लॉट का नाही घेतला?’ बरोबर प्रश्न आहे. हिशोब सांगतो. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. रीतसर रेखांकन मंजूर करून घ्यायचं तर आतले रस्ते तीस फुटी हवेत, दहा टक्के मोकळी जागा सोडायला हवी, मोजणी, बिनशेती, फी. विकायला उरतात पन्नास-पंचावन्न गुंठे, आणि पैसा दिसायला दोन-तीन वर्षं. दोरी लावून विकलं तर नऊ-दहा फुटी बोळ सोडून सत्तर गुंठे विकले जातात, आणि पैसा महिन्याभरात. मालकाला ते परवडलं. अण्णांना एनए प्लॉटचा भाव झेपणारा नव्हता. तिसरा पर्याय बाजारात नव्हता.

आणि कायद्याने काय सांगितलं होतं? तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. हेतू चांगला होता. वाटण्या होऊन होऊन शेत इतकं लहान होऊ नये की नांगर वळवायला जागा उरणार नाही. म्हणून प्रत्येक भागासाठी ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरलं. त्यापेक्षा लहान तो ‘तुकडा’, आणि तो विकायचा नाही, विकलाच तर लागून शेत असलेल्यालाच. २०२३ च्या ऑगस्टपासून बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे आहे. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने अण्णांनी निदान अर्धा एकर घ्यायचा होता. सूतगिरणीच्या कामगाराने अर्धा एकर! नांगरासाठी केलेलं माप आम्ही घराला लावत बसलो.

पुढची गंमत बघा. २००३ मध्ये अण्णांनी रीतसर खरेदीखत केलं. दुय्यम निबंधकाकडे मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी फी भरली, अंगठे उठवले, पावती घेतली. तोच कागद घेऊन तलाठ्याकडे गेले तर ते म्हणाले, ‘हा तुकडा आहे. फेरफार होत नाही.’ एका खिडकीवर सरकारने पैसे घेतले आणि दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की असा व्यवहार होऊच शकत नाही. बऱ्याच हेलपाट्यांनंतर नाव लागलं ते ‘इतर हक्कात’, शेऱ्यासकट. अण्णा त्या शेऱ्याला ‘कपाळावरचा डाग’ म्हणायचे. बँक कर्ज देईना. माझं शिक्षण, बहिणीचं लग्न, सगळं सोसायटीच्या आणि सावकाराच्या पैशावर झालं, कारण घर होतं पण गहाण ठेवण्याजोगा कागद नव्हता.

आता सरकारने काय काय केलं ते तारखांसकट लिहितो, कारण यात फार गोंधळ आहे.

२०१७ मध्ये तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. १५ नोव्हेंबर १९६५ ते ७ सप्टेंबर २०१७ या काळातले तुकड्यांचे व्यवहार, रेडीरेकनरच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करता येतील. रक्कम मोठी, फार लोक गेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ते २५ चे ५ टक्के झाले. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने तेही माफ. १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार विनाशुल्क नियमित. नोटरीवाल्यांनी आधी दस्त नोंदवायचा, मग नाव लागणार. आमचा दस्त नोंदलेला होता, म्हणून शेरा गेला.

याच्याच शेजारी दुसरा कायदा आहे, गुंठेवारीचा. तो २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांसाठी होता, २०२१ मध्ये तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. हे दोन वेगळे दरवाजे आहेत. तुकडेबंदीचा दरवाजा मालकी हक्काचा, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावाचा. गुंठेवारीचा दरवाजा भूखंड आणि बांधकाम नियमित करण्याचा, आणि तिथे विकास शुल्क भरावं लागतं. आमच्या गल्लीतले निम्मे लोक पहिल्या दरवाजातून आत आले आणि सगळं झालं असं समजून झोपले. त्यांना सांगतो, नाव लागलं म्हणजे घराचा नकाशा मंजूर झाला असं नाही. सातबारा तुमचा झाला, घर अजून दुसऱ्या रांगेत उभं आहे.

आता तीन माणसांची गोष्ट.

पहिले आमच्या कोपऱ्यावरचे मास्तर. निवृत्त माणूस, नियमाचा. २०१९ मध्ये पी.एफ.चे पैसे आले तसे त्यांनी २५ टक्के भरून टाकले. पावणेदोन लाख. परवा पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, ‘तुझं फुकटात झालं ना? बरं झालं. मला आपलं वाटायचं, सरकारने बोलावलंय तर जावं.’ पेढा घेतला, पण खाल्ला नाही, हातातच ठेवला. ज्याने वेळेत भरलं तो मूर्ख ठरला आणि जो थांबला तो शहाणा. माझ्यासारखा. खोटं कशाला बोलू, २०२१ ला मीही हिशोब काढला होता आणि ‘आज ना उद्या माफ होणारच’ म्हणून फाईल कपाटात ठेवली होती.

दुसरा माझा मेहुणा. त्याने एक गुंठा घेतला फेब्रुवारी २०२५ मध्ये. तारखेच्या चार महिने पुढे. त्याची परिस्थिती अण्णांच्या १९९७ च्या परिस्थितीहून तसूभरही वेगळी नाही. तोच भाड्याचा वैताग, तीच दोरीची आखणी, तोच ‘होऊन जाईल सर’ म्हणणारा एजंट. मी त्याला आधीच सांगितलं होतं, थांब. तो म्हणाला, ‘दाजी, तुम्ही थांबला होता का?’ आता तो निवांत आहे. त्याला खात्री आहे की पुढची तारीख येईल. आणि मला भीती आहे की त्याचं बरोबर आहे. १९६५, २००१, २०१७, २०२०, २०२४. प्रत्येक वेळी ‘ही शेवटची संधी’.

तिसरा मी. हे लिहायला जड जातंय, पण त्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल.

आमची गल्ली कागदावर दहा फूट होती. २००९ मध्ये मी वरचा मजला चढवला. जिना आत घेतला असता तर खोली लहान झाली असती, म्हणून मिस्त्री म्हणाला, ‘बाहेरून घेऊ, सगळ्यांनी घेतलाय.’ सगळ्यांनी घेतला नव्हता. गल्लीतला पहिला जिना माझा. अडीच फूट रस्त्यात. वर्षभरात समोरच्यांनी ओटा काढला, पुढच्याने न्हाणीघर, मग एकाने गाडीसाठी पत्रा मारला. आज गल्ली काही ठिकाणी सहा फूट आहे. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत येत नाही. तोंडाशी उभा राहतो आणि शेवटच्या घरापर्यंत पाइपाला पाइप जोडत न्यावे लागतात. गॅसवाला सिलेंडर कोपऱ्यावर ठेवून हाक मारतो. गटार टाकायचं ठरलं होतं, जेसीबी शिरेना म्हणून राहिलं. पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा होतो तो वेगळाच.

२०१६ च्या जुलैमध्ये अण्णा गेले. तिरडी दारातून बाहेर काढली आणि वळवायला गेलो तर वळेना. एका बाजूला समोरच्यांचा ओटा, दुसऱ्या बाजूला माझा जिना. पाऊस होता. मागे घ्या, उंच करा, तिरकी करा, असं चाललं होतं. शेवटी दोघा जणांनी जिन्यावर चढून वरून धरली, तेव्हा अण्णा गल्लीतून बाहेर पडले. कुणी काही बोललं नाही. मी पुढे मडकं धरून उभा होतो, पाठमोरा, पण सगळं ऐकू येत होतं.

दहा वर्षं झाली. जिना तिथेच आहे.

सांगायचं आहे ते हेच. सूट वाईट नसते. कुठलाच नियम प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक जमिनीला सारखा बसत नाही, म्हणून सुटीची सोय असावीच लागते. प्रश्न हा आहे की सूट तुकडा पाडण्याआधी मागितली जाते की पाडून झाल्यावर दिली जाते. आधी मागितली तर कुणीतरी विचारतं, रस्ता कुठून? पाणी कुठे जाणार? शेजाऱ्याचं म्हणणं काय? नंतर दिली तर फक्त कागद दुरुस्त होतो. शेरा पुसता येतो. भिंती कोण हलवणार?

‘आधी सूट’ आपल्याकडे नाही असंही नाही. मार्च २०२४ पासून विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी आणि ग्रामीण घरकुलासाठी तुकडा पाडायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी मागता येते. घरकुलासाठी लाभार्थ्यामागे हजार चौरस फुटांपर्यंत. म्हणजे गुंठ्यापेक्षाही कमी जागेत माणसाचं घर होतं हे सरकारला मान्य आहे. मग शहराच्या कडेला एक-दीड गुंठ्याचा सरळ, कायदेशीर, रस्त्यासकट प्लॉट का मिळू नये?

माझा मामेभाऊ ह्यूस्टनला असतो. हा विषय निघाला की तो तिकडचं सांगतो. ह्यूस्टनमध्ये एका घराला साधारण पाच हजार चौरस फूट जागा लागायची. १९९८ मध्ये शहराने मधल्या भागात, म्हणजे तिथल्या ६१० नंबरच्या रिंगरोडच्या आत, काही अटींवर चौदाशे चौरस फुटांपर्यंत परवानगी दिली. २०१३ मध्ये हीच सवलत शहराच्या बाकीच्या भागातही नेली. चौदाशे म्हणजे आपला जवळपास सव्वा गुंठाच! एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन-तीन, चार-चार उभी घरं झाली. काही गल्ल्यांना ते नको होतं, तर त्यांना सह्यांचा अर्ज करून आपल्या गल्लीपुरतं मोठं माप कायम ठेवायची सोय दिली. आणि कुणाला नियमापेक्षा वेगळं काही हवं असेल, तर तो आधी नियोजन आयोगापुढे अर्ज करतो, जागेवर फलक लागतो, शेजाऱ्यांना पत्र जातं, सुनावणी होते. मग जमीन कापली जाते. ह्यूस्टन काही स्वर्ग नाही. २०१७ च्या हार्वे वादळात पाण्याखाली गेलेलं शहर आहे ते. पण क्रम बघा. आधी विचारणं, मग कापणं. आपण आधी कापतो, मग वीस वर्षं विचारत फिरतो.

काहीजण म्हणतील, लहान प्लॉट कायदेशीर केले की शेती संपेल. शेती संपतेच आहे हो, दोरी लावून संपते आहे. फरक एवढाच की रस्ता न सोडता संपते आहे. २०२१ च्या जुलैमध्ये रेखांकनाशिवाय गुंठ्याचे दस्त नोंदवायचेच नाहीत असं परिपत्रक निघालं. पुढच्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. या सगळ्या काळात आमच्या भागातले व्यवहार थांबले का? नाही. नोंदणीवरून परत नोटरीवर गेले, इतकंच. दार बंद केलं की लोक खिडकीतून येतात. घर ही गरज आहे, ती परिपत्रक वाचत नाही.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात.

एक, शहरांच्या आणि मोठ्या गावांच्या कडेला एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटचं साधं, स्वस्त रेखांकन मंजूर व्हावं. रस्ता आणि गटाराची रेघ सरकारने आधी आखून द्यावी, प्लॉट मागून पडू देत. तीस फूट सगळीकडे जमत नसेल तर वीस फूट असू दे, पण टँकर आणि अॅम्ब्युलन्स आत आलीच पाहिजे.

दोन, पुढची तारीख येणार नाही हे सांगायचं असेल तर आधी पहिली गोष्ट करा. कायदेशीर लहान प्लॉट नसताना ‘ही शेवटची संधी’ म्हणणं म्हणजे माझ्या मेहुण्यासारख्यांना पुढच्या निवडणुकीची वाट बघायला लावणं आहे.

तीन, जे आधीच नियमित झालेत, म्हणजे आम्ही, आमच्याकडून बदल्यात काहीतरी मागा. पैसे माफ केले, ठीक. गल्लीची मूळ रुंदी परत मागा. पूर्ण गल्लीने मिळून रस्ता मोकळा केला तर गुंठेवारीच्या विकास शुल्कात सवलत द्या आणि त्याच वर्षी गटार टाका. मास्तरांसारख्यांनी भरलेले पैसे त्या शुल्कातून वळते करा.

तिसऱ्या मुद्द्यावर रविवारी आमच्याकडे बैठक झाली. बावीस घरांतून चौदा जण आले. मी बोलायला उभा राहिलो की आपण प्रत्येकाने आपापलं वाढीव बांधकाम मागे घेऊ, गल्ली परत दहा फूट करू, मग एकत्र अर्ज करू. थोडा वेळ शांतता. मग समोरच्या काकू म्हणाल्या, ‘ओटा पाडते मी. पण बाळा, आधी तुझा जिना.’ शेवटच्या घरातले म्हणाले, ‘आमच्यापर्यंत यायला तुम्हाला दोन वर्षं लागतील.’ मास्तर म्हणाले, ‘पैसेही मीच भरले आणि आता जागाही मीच सोडू?’ खरं तर मास्तरांनी एक इंचही पुढे घेतलेला नाही. ते फक्त एवढंच विचारत होते की याची नोंद कुठे होणार आहे.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मिस्त्रीला फोन केला. जिना आत घ्यायचा तर पुढची खोली जाते, आईची. आईला विचारलं. ती म्हणाली, ‘मी मागच्या खोलीत झोपेन. मला मेल्यावर तरी सरळ न्या.’

सोमवारपासून काम सुरू आहे. एका जिन्याने गल्ली दहा फूट होत नाही, मला माहीत आहे. आमच्या दारापुढे मात्र होईल.

मेहुण्याला अजून रिप्लाय केलेला नाही. त्याच्या प्लॉटवर अजून फक्त दगड रोवलेत, भिंत उठलेली नाही. आज संध्याकाळी जाणार आहे. त्याला एवढंच सांगणार आहे की तारीख येईल तेव्हा येईल, तू आणि तुझे शेजारी मिळून आधी रस्त्याची दोरी टाका. ती वीस फुटांवर टाका. आत्ता टाकली तर फुकट आहे, नंतर फार महाग पडते.

तुमच्या गल्लीची कागदावरची रुंदी किती आणि आज प्रत्यक्षात किती? टेप लावून मोजा आणि लिहा. फोटोसकट लिहा. मी सगळं एकत्र करून आमच्या नगरसेवकांना आणि आमदारांना देणार आहे.